अंबादासची बाटली

“भरलीस का बाटली?”

“नाही, महाराज.”

मठाचे प्रमुख निरंजनबुवा ओसरीच्या पायरीवर टेकले. नुकतीच आंघोळ झालेली, अंगावर ओलं सोवळं, पूजा अजून व्हायची होती. हाच प्रश्न ते आठवडाभर रोज विचारत होते. आता विचारण्याचाही शीण येऊ लागला होता.

अंबादासनं सोलापुरात तीस वर्षं कापडरंगाच्या कारखान्यात काढली आणि मग तो मठात आला. नवा असून त्याचं सोवळं जुन्यांपेक्षा कडक. त्याचा तोराही तेवढाच. दोन महिन्यांपासून त्याच्या लघवीतून रक्त जात होतं. दुखत नव्हतं, म्हणून गडी गप्प. शेवटी बुवांनीच त्याला दवाखान्यात धाडलं.

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“रंगात काम केलेल्यांना मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो म्हणाले. आधी लघवी तपासू, मग पुढचं बघू. आज सुई नाही, नळी नाही. नुसती बाटली आणून द्या.”

“मग?”

“देवाचं पाणी भरतो मी या हातांनी, महाराज. त्याच हातांत ती घाण धरून गावातून जाऊ?”

बुवांनी सोवळ्याचं ओलं टोक पिळलं.

“आणि देहाचं काय एवढं? मरणाला मी भीत नाही.”

“मरणाला नाही भीत. रिपोर्टला भितोस.”

अंबादासची मान खाली गेली.

“हो,” तो म्हणाला. “फार भीती वाटते.”

“जा. भरून आण.”

तो गेला. परत आला तेव्हा बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली, अंगापासून हातभर लांब धरलेली. ती पायरीखाली ठेवून तो मागे सरला.

“दवाखान्यात कोण नेणार?”

अंबादास धोतराला हात पुसत राहिला…

बुवा गुडघ्यावर भार देत, कण्हत उठले. वाकले. बाटली उचलली, ओल्या सोवळ्याशी धरली आणि चपला शोधू लागले.

“महाराज! सोवळ्यात आहात! पूजा राहिलीय!”

बुवांनी एक चप्पल पायात सरकवली.

“तुला खांदा द्यायला निघेन, तेव्हाही पूजा राहीलच, अंबादास. बाटली हलकी आहे.”