अल्बममधला खोकला

"चाचा, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा खोकला आता काढून टाकता येतो... काढू का?"

लाडलेसाब सतारमेकरांनी मान वर केली नाही. मांडीवर तंबोरा आडवा होता आणि त्याच्या घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, ते बारीक कानस फिरवून तारांचा झणकार खुलावा म्हणून जवारी काढत होते.

"कुणाचा खोकला?"

"आमच्या अल्बममधला."

"मग डॉक्टरला विचार की. मला काय विचारतोस?"

विचारणारा सुहास आवटी होता, 'वेशीबाहेर' या रॉक बँडचा गिटारवाला. गिटार हातात येण्याआधी दोन वर्षं तो मिरजेच्या याच दुकानात बसून तारा लावायला शिकला होता. पुढं तो मोठा माणूस झाला. आपण मोठे झालो आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"थट्टा नको चाचा. नवी आवृत्ती निघतेय. तुमच्या कानावर घालावं म्हणून आलो."

"घाल. कान आहेत अजून."

गोष्ट अशी होती. बँडचा पहिला अल्बम स्टुडिओत नीटनेटका झाला आणि दुकानांत धूळ खात पडला. दुसरा त्यांनी मिरजेच्या मैदानावर, पाच हजार लोकांसमोर, एका संध्याकाळी वाजवून तसाच टेपवर उतरवला. ट्रकमध्ये रेकॉर्डर, ताडपत्रीचं छप्पर आणि अधूनमधून स्टेशनवरच्या गाड्यांच्या शिट्ट्या. त्याचं नाव 'मिरज, उघड्यावर'. त्या कॅसेटनं मात्र कमाल केली. हॉस्टेलांत वाजली, गणपतीच्या मांडवांत वाजली, पानाच्या टपऱ्यांवर वाजली. ज्यांना रॉक म्हणजे नुसता गोंगाट वाटायचा, त्यांच्याही घरात ती शिरली.

आणि सगळ्यांना आवडायचे ते अकरा सेकंद. शेवटच्या गाण्यात सुहासची तार तुटली होती. बँड थांबला, मैदान चिडीचूप झालं. त्यानं नवी तार चढवली. ती छेडून सुरात लावली ते हे अकरा सेकंद, आणि त्या शांततेतून पुढं जे वाजवायला सुरुवात केली, ते आजही पोरं जशास तसं पाठ करतात.

"भर स्टेजवर, नुसत्या कानानं, एका फटक्यात तार लावली मी," सुहास म्हणाला. "मुलाखत कुठलीही असो, लोक तेच विचारतात. आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी खोकला! इतकी वर्षं डोक्यात जातोय तो माणूस."

"हं."

"ऋजुता म्हणून साउंड इंजिनिअर आहे पुण्याची. तिनं खोकला काढून नमुना पाठवलाय. बारापर्यंत हो म्हणायचंय."

"मग म्हण की हो."

सुहास घुटमळला. मग मनात होतं ते बोलून गेला.

"तुम्हाला कधी आवडलंच नाही ना ते? पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती तुमच्यासाठी. शेवटपर्यंत रिकामी होती. मी वाजवताना तिच्याकडंच बघत होतो."

लाडलेसाबांनी कानस खाली ठेवली. घोडीवरची भुकटी फुंकली. तंबोरा सुहासच्या हातात दिला.

"दोन तारा लागल्यात, दोन राहिल्यात. आधी पहिली लाव. माझा हात दुखतो."

सुहासला हे काही उत्तर वाटलं नाही. पण चाचांनी वाद्य दिलं की घ्यायचं, ही सवय जुनी होती. तो खुंटी पिळू लागला आणि बोलतच राहिला. अकरा सेकंदांबद्दल, मुलाखतींबद्दल, त्या मूर्ख माणसाबद्दल, ज्याला खोकायला दुसरी वेळ सापडली नाही...

लाडलेसाब खोकले.

एकदाच. कोरडं.

सुहासची बोटं खुंटी उलटी फिरवू लागली. केसभर. तार उतरली आणि बाकीच्या सुरात मिसळली. तो बोलतच होता.

मग बोलायचा थांबला.

आपल्या हाताकडं बघत राहिला.

या दुकानात शिकवताना चाचा कधी 'चूक' म्हणत नसत. तार सुराच्या वर गेली की खोकायचे, एवढंच. पहिल्या वर्षी सुहास दिवसभर ते खोकणं ऐकायचा. घरी जाऊन आईला म्हणालाही होता, चाचांना क्षय झालाय. दुसऱ्या वर्षी खोकला कानावर पडायच्या आतच हात खाली यायला लागला. मग तो गिटार घेऊन गेला आणि सगळं विसरला. म्हणजे आपण विसरलो असं त्याला वाटलं.

त्यानं खिशातून फोन काढला. ऋजुताचा नमुना लावला.

मैदानाची शांतता. तार छेडल्याचा आवाज... पुन्हा एकदा छेडल्याचा... आणि मग ते सगळ्यांना पाठ असलेलं.

त्यानं पुन्हा लावलं.

पहिल्यांदा छेडलेली तार चढी होती. अगदी थोडी, पण चढीच. दुसऱ्यांदा ती बरोबर होती. आता मधे काहीच नव्हतं, आणि तार आपली आपणच उतरल्यासारखी वाटत होती.

इतकी वर्षं त्या जागेवर खोकला यायचा आणि सुहास चिडायचा. चिडण्याच्या नादात त्यानं त्या दोन सुरांतला फरक कधी ऐकलाच नव्हता.

"चाचा... तुम्ही आला होता?"

"तू बोलावलंस, म्हणून आलो होतो."

"पण खुर्ची..."

"ती खुर्ची त्या मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी ठेवलेली रे. तिथं बसलो असतो तर या कानांनी पुन्हा जवारी काढली असती काय मी? स्टेजच्या जिन्यावर उभा होतो. तुझ्या पाठीशी."

सुहासला हसू आलं. अठ्ठावीस वर्षं तो एका रिकाम्या खुर्चीवर रुसून बसला होता, आणि ज्याच्यावर रुसला होता तो माणूस हातभर अंतरावर उभा होता.

"एक शब्द बोलला नाहीत इतक्या वर्षांत."

"बोललो की," लाडलेसाब म्हणाले. "पाच हजार माणसांत बोललो. कॅसेट निघाली त्याची."

बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. दुकानातले टांगलेले भोपळे थोडे हलले आणि स्थिर झाले.

फोन वाजला. ऋजुताचा होता.

"सर, बारा वाजले. मग फायनल करू ना? तुमचे ते अकरा सेकंद एकदम स्वच्छ झालेत."

"राहू दे," सुहास म्हणाला.

"काय राहू दे?"

"खोकला."

"सर... मूळचा? तसाच?"

"तसाच. शक्य असेल तर थोडा मोठा कर."

पलीकडं कळफलकाची टकटक ऐकू आली.

"आणि मुखपृष्ठावर वाजवणाऱ्यांची नावं आहेत ना," तो म्हणाला, "त्यांत आणखी एक घालायचंय. लाडलेसाब सतारमेकर."

"ते काय वाजवतात, सर?"

सुहासनं चाचांकडं पाहिलं. चाचा घोडीची भुकटी धोतरावरून झटकत होते. त्यांना फोनमध्ये काडीचाही रस नव्हता.

"संध्याकाळी सांगतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

तंबोरा अजून मांडीवर होता. शेवटची, खर्जाची तार लावायची राहिली होती. या वेळी सुहास बोलला नाही. खुंटी थोडी पिळली, तार छेडली. थोडी आणखी पिळली. डोळे मिटले. पुन्हा छेडली, आणि चारही तारा एका आवाजात गुणगुणू लागल्या.

तो थांबला. वाट पाहू लागला.

दुकानात तंबोऱ्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

त्यानं डोळे उघडले.

"चाचा... बरोबर लागली?"

लाडलेसाबांनी पुन्हा कानस उचलली होती.

"मी खोकलो काय?"