उर्पीचे दगडी लामा

फार वर्षांपूर्वी, दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत घोडा अजून कुणी पाहिलासुद्धा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ढगांच्याही वर एक गाव होतं आणि तिथं उर्पी नावाची पाथरवटीण राहत होती. मुठीत मावतील एवढे दगडी लामा ती घडवायची. लामा म्हणजे उंटासारख्या लांब मानेचा, लोकरीचा प्राणी, त्या लोकांचं सगळं धन. लोकर त्याची आणि ओझंही त्याच्याच पाठीवर. उर्पीच्या दगडी लामाला फुंकर मारली तर तो कान हलवायचा, असं म्हणतात.

प्रत्येक लामाच्या पाठीत ती बोराएवढा खळगा ठेवायची. लोक त्या खळग्यात चरबी भरायचे आणि लामा आपल्या गोठ्यात पुरायचे. दगडाचं पोट भरलेलं असलं की कळप वाढतो, अशी गावाची श्रद्धा होती.

एका वर्षी बर्फ हटेचना. माणसं उपाशी पडली. तेव्हा एका घरानं आपला लामा उकरला, चरबी बोटानं खरवडून बटाट्याच्या कढणात घातली आणि रिकामा लामा पुन्हा पुरून टाकला. आपल्या एकट्याच्या चरबीनं काय होतंय, बाकीच्यांची आहेच की! दुसऱ्या घरानंही तसाच विचार केला. मग तिसऱ्यानं. बोराएवढी ती चरबी, तिनं कुणाचंच पोट भरलं नाही.

आणि कळप मरू लागले.

गावातली वडीलधारी मंडळी उर्पीच्या दारात आली. सगळ्यांत वयोवृद्ध मायताबाबा पुढे होते.

“तुझे खळगेच उथळ,” ते म्हणाले. “चरबी टिकणार कशी? चालती हो गावातून!”

“बाबा, तुमचा लामा आणा की. बघू या किती उथळ आहे ते.”

मायताबाबांना खोकला आला. “मोठ्यांना उलटून बोलतेस? आधी तुझा दाखव!”

उर्पीनं गोठा उकरला. तिच्या लामाचा खळगा काठोकाठ भरलेला होता. आठ दिवस तीही उपाशीच होती.

आता तरी माना खाली जाव्यात की नाही? पण मायताबाबा ओरडले, “बघा! साऱ्या गावाची बरकत हिनं आपल्या गोठ्यात कोंडली!” ज्यांच्या बोटांना चरबीचा वास होता, तेच सगळ्यांत मोठ्यानं ओरडले.

उर्पीनं आपला लामा मायताबाबांच्या पायाशी ठेवला. “घ्या,” ती म्हणाली. “भूक लागली असेल.”

आणि ती खिंडीकडे चालू लागली. तेव्हा घरोघरच्या गोठ्यांतली माती हलली, असं म्हणतात. पुरलेले दगडी लामा उठून बाहेर आले आणि टकटक खूर वाजवत, एकामागे एक, तिच्या मागून निघाले. भर उन्हात, साऱ्या गावासमोर, प्रत्येकाच्या पाठीतला खळगा रिकामा! आपला कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण कुणी कुणाकडे बघितलं नाही आणि कुणी उर्पीला हाकही मारली नाही. ती खिंडीपलीकडे गेली ती गेलीच.

आजही बर्फ वितळला की गाव खिंडीत जमतं. प्रत्येक घरातलं सगळ्यांत मोठं माणूस पुढे येतं आणि म्हणतं, “चरबी आम्ही खाल्ली आणि हाकललं तिला.” एवढंच म्हणायचं. वर्ष वाईट होतं, पोरं रडत होती, असलं काही जोडायची मुभा नाही. कुणी जोडलंच तर गावातली पोरं एका सुरात ओरडतात, “पहिल्यापासून म्हणा!”

आणि त्या पिकल्या केसांच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं.