घंटेच्या तोंडातली लोकर

फार फार वर्षांपूर्वी मिठाच्या गोण्या लादलेला खेचरांचा तांडा बर्फाचे डोंगर ओलांडत दिवसचे दिवस चालायचा. पुढच्या म्हाताऱ्या खेचराच्या गळ्यात घंटा होती. सगळे आपल्या आवाजामागे येतात, याचा तिला भारी तोरा.

एका खिंडीत डोक्यावर ताज्या बर्फाचा ढिगारा लोंबत होता. तांडेवाल्या नोरबूने घंटेत लोकर कोंबली. "आता हूं की चूं नको. आवाजाने बर्फ अंगावर येईल."

घंटा मनात धुमसली. 'माझ्यावाचून चुकतील वाट, मग कळेल!'

खेचर बर्फ हुंगत पुढे निघालं. बाकीची त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत गेली.

खिंडीपलीकडे नोरबूने लोकर काढली. घंटेने मागे पाहिलं, तर सगळा तांडा हजर!

"माझ्यावाचून आलात कसे?"

"तू गप्प होतीस ना, म्हणून," खेचर म्हणालं.