रजेवर गेलेला हात

एका गावात एक बाई राहत होती, आणि तिच्यापेक्षा तिचा उजवा हातच जास्त प्रसिद्ध होता. बाईचं नाव हौसा, आणि खेळ हँडबॉल. शहरातल्या एका मोठ्या संघाने तिला पगार देऊन नेलं. बारा वर्षं तिने तिथे गोलांचा सपाटा लावला. सात मीटरच्या रेषेवर उभं राहायचं, समोर एकटी गोलरक्षक, आणि चेंडू जाळ्यात. हा नेम तिचा कधी चुकलाच नाही. पुढे गुडघा कुरकुरू लागला. संघाने शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. मग हौसाताई गावी परतली आणि मुलींच्या संघाची प्रशिक्षक झाली.

शिकवायची मात्र मनापासून. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं झालं. संघाच्या यादीत प्रशिक्षक म्हणून नाव लिहिताना तिने खेळाडूंमध्येही आपलं नाव घालून ठेवलं. स्पर्धेला वयाची अट नव्हती, त्यामुळे ते नियमात बसत होतं. "असू दे, अडीअडचणीला," ती म्हणायची.

अडचण आलीच. तालुक्याच्या अंतिम सामन्यात बरोबरी झाली आणि शेवटच्या क्षणी सात मीटरवरून एक थ्रो मिळाला. हँडबॉलमध्ये खेळाडू बदलायला पंचांना विचारावं लागत नाही. एक बाहेर आली की दुसरी आत. हौसाताईने जॅकेट भिरकावलं, आत गेली आणि गोल ठोकून आली. गावाने ट्रॅक्टरमधून मिरवणूक काढली. ट्रॉलीत मुली दाटीवाटीने उभ्या होत्या, पण हार सगळे ताईच्या गळ्यात होते. ताईला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही सांगायला हवं.

त्यानंतर मात्र संघाला जणू दृष्ट लागली. या खेळात चेंडू तीन सेकंदांहून जास्त हातात धरून उभं राहता येत नाही. मुली नेमक्या तेच करू लागल्या. जरा कोंडी झाली की चेंडू हातात धरून थबकायच्या, पंचांची शिट्टी वाजायची आणि चेंडू समोरच्यांकडे जायचा. ताई बाकावरून ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. त्याने मुली अजूनच बावरायच्या.

मैदानावर फक्की मारून रेषा आखणारे शाळेचे शिपाई धोंडीतात्या हे सगळं बघत होते. एके दिवशी ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. पोरींच्या हातात बॉल आला की आधी तुमच्याकडं बघत्यात. तुमी कवा आत येताय म्हणून. तीन सेकंद तितंच जात्यात."

ताईला राग आलाच. दोन दिवस ती तात्यांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने खेळाकडे न बघता मुलींच्या नजरा बघितल्या. तात्या खरं बोलले होते. मुलींना जिंकून दिलं असं ती वर्षभर समजत होती, आणि इथे तर तिने त्यांना पांगळं करून ठेवलं होतं. तिला फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून तिने ओरडणं कमी केलं. मुली चुकतमाकत खेळू लागल्या आणि कशाबशा पुन्हा अंतिम सामन्यात पोचल्या. यादीतलं आपलं नाव खोडायला मात्र ताईचा हात धजला नाही.

आणि काय योग पाहा, पुन्हा बरोबरी झाली. वेळ संपत आली आणि सात मीटरवरून थ्रो मिळाला. मुलींच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. जादा वेळ खेळावा लागला असता तर हार ठरलेली. चेंडू निमा लोहार नावाच्या मुलीकडे होता. तो खाली ठेवून ती सरळ बाकाकडे आली.

"ताई, या ना आत."

ताईने जॅकेटची चेन अर्धी उघडली होती. बोटं शिवशिवत होती. प्रेक्षकांतून तिच्या नावाचा गजर चालू झाला होता. तिने चेन परत वर ओढली.

"माझा हात आज रजेवर आहे. तू टाक."

"आणि चुकलं तर?"

"चुकू दे. मागच्या वेळी माझं बरोबर आलं, त्यातून तुला काय आलं?"

निमा रेषेकडे गेली आणि तिने चेंडू उचलला. ताई बाकावर बसली आणि दोन्ही तळहात तिने मांड्यांखाली दाबून धरले. मोकळे राहिले तर ते काय करतील, याचा तिलाच भरवसा नव्हता.

शिट्टी झाली. ताईने शिकवलं होतं की चेंडू खाली, कोपऱ्यात, जोरात मारायचा. निमाने खाली मारल्याचा नुसता आव आणला. गोलरक्षक वाकली, आणि निमाने चेंडू अलगद तिच्या डोक्यावरून सोडला. "अगं, असं नव्हे," हे शब्द ताईच्या ओठांवर आले होते. तोवर चेंडू जाळ्यात होता.

मग काय विचारता. साऱ्या मुली धावल्या त्या निमाकडे. तिला उचललं, पाडलं, पुन्हा उचललं. बाकाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. हौसाताईला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. ती एकटीच बसून हसत होती आणि डोळे पुसत होती.

धोंडीतात्या जवळ येऊन म्हणाले, "बाई, ह्यो डाव तुमी कवा शिकवला?"

"मी नाही शिकवला," ताई म्हणाली. "मला तो येतसुद्धा नाही."

तात्पर्य: शिष्याचं काम गुरूने करून दिलं तर जिंकतो तो गुरूच; गुरूने वेळेवर आपला हात आवरला, तरच शिष्याला आपल्या हाताचं बळ कळतं.