घडीव पाळ

आसनखेडच्या तळ्यावर आलात की पाळीच्या मधोमध ते काळे दगड आधी नजरेत भरतात. बाकीची पाळ साधी मातीची, गवत उगवलेली. तेवढाच तुकडा कोरीव, कमळं काढलेला. पाहुणे हटकून तिथंच फोटो काढतात आणि आमची पोरं गालातल्या गालात हसतात. कारण पैशाचा तोरा मिरवणाऱ्या, देवळाच्या दारापर्यंत गाडीचा भोंगा वाजवत येणाऱ्या माणसाला या गावात 'घडीव' म्हणतात. तो शब्द या दगडांपासून आला, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. गावात सुभान नावाचा माणूस होता. त्याचा बाप लोकांच्या भिंतींसाठी चिखल तुडवून पोट भरायचा, आणि लहानपणी सुभानही त्याच चिखलात. लोक त्या बापलेकांना 'चिखल्ये' म्हणूनच हाक मारत. पुढं सुभाननं बैलांचे तांडे बाळगले, फौजेच्या छावण्यांना धान्य पोचवलं आणि घरी लक्ष्मी पाणी भरू लागली. मग काय विचारता! सुभानचा सुभानराव झाला. बैलांच्या शिंगांना चांदी, स्वतःच्या पायांत जरीचे चढाव जोडे. दुसऱ्याकडे जेवायला गेला तरी चांदीचं ताट घरून न्यायचा म्हणे. लोक तोंडावर रावसाहेब म्हणत आणि पाठ वळली की नाकं मुरडत.

तशात गावानं तळं बांधायला घेतलं. रीत अशी, की प्रत्येक घरानं आपल्या वाटणीची पाळ आपल्या पायांनी तुडवायची. चिकणमाती टाकायची, पाणी शिंपायचं आणि घरादारानं नाचल्यासारखं तुडवायचं. त्याशिवाय पाणी ठरत नाही. सुभानरावानं मात्र लांबून पाथरवट आणले आणि आपल्या वाटणीची मधली पाळ घडीव दगडांनी बांधून काढली. आत तुडवलेली माती नाहीच.

त्याची बायको साळूबाई म्हणाली, "अवो, चार पावलं तरी तुडवा. चिखलातच वाढलो की आपण."

"म्हणूनच न्हाई!" तो म्हणाला. "पुन्यांदा चिखलात उतरलो तर त्यास्नी त्यो जुना सुभान्याच दिसंल."

पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं. दसरा उलटला आणि दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरू लागलं. रोज थोडं थोडं तळं खाली जाई. "दिसाया घडीव, पर पानी धरंना," एक म्हातारी म्हणाली आणि ते बोल गावभर झाले. सुभानरावानं ते ऐकूनही मिशीला पीळ भरला. पण एका सकाळी दोन-तीन घरांनी गाड्या भरल्या आणि ती नदीकाठच्या नातलगांकडं निघाली. जाताना त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी त्याच्याकडं पाहिलंही नाही. आपल्या दिमाखापायी गाव उठणार, हे त्याला तेव्हा कळलं.

तो तसाच तळ्याकडं गेला आणि चढावांसकट कमरभर पाण्यात उतरला. साळूबाई वरून मातीच्या पाट्या ओतू लागली, तो ती माती पायांनी दगडांशी दाबू लागला. लाजेनं त्याची मान वर होईना. इतक्यात शेजारी कुणीतरी पाण्यात उतरलं. ते गावचे पाटील होते.

"सुभानराव, जरा सरका," पाटील म्हणाले. "तुमचं पाय बापावानी चालत्यात. आमालाबी दावा."

असं म्हणतात, की तेव्हा सुभानराव लहान मुलासारखा रडला, पण त्यानं पाय थांबवले नाहीत. ही खबर पोचताच वाटेवरच्या गाड्या मागं वळल्या. सांजेपर्यंत सगळं गाव पाण्यात होतं, आणि पाझर थांबला.

आजही माघात पाणी उतरलं की गाव पाळीला नवी माती लावतं. पहिलं पाऊल टाकायचा मान, ज्याच्या घरी नवा पैसा आला असेल त्याचा. गेल्या खेपेला जमीन विकून मोठी गाडी घेतलेला दिगंबर होता. गळ्यात साखळदंडासारखी चेन, डोळ्यांवर काळा चष्मा. "या, घडीव!" म्हणून सगळ्यांनी हाळी दिली. तो जरा वरमला, मग विजार दुमडून उतरला. एकदा पाय माखले की तो शब्द त्या माणसाला पुन्हा कुणी लावत नाही. आणि त्या दिवशी त्यानं पाय धुवायचे नसतात. तसाच तो घरोघर जातो, आणि प्रत्येक घर त्याला आत बोलावून, जवळ बसवून चहा देतं. फरशी काय, नंतर पुसता येते.