काखेतला भोपळा आणि बांधावरचे महाराज

"निकाल सांग, पोरी!" वीरभानराजे बांधावरून गरजले. "आम्ही हरलो असं म्हणायचं नाही! आम्हाला कुणी मदत केली असंही म्हणायचं नाही! आणि खोटं बोललीस, तर गावाचं कुरण आमच्या घोड्यांना!"

घ्या! आता बोलायचं तरी काय? दरसाल पंचाच्या दगडावर गावातला एखादा बाप्या चढायचा. यंदा सगळ्या बाप्यांच्या पोटात नेमकी आजच कळ आली आणि गुराख्याच्या हौसाला वर ढकलून मंडळी मोकळी झाली. कुरण गेलं तर गावाची गुरं खाणार काय, माती? हौसाची चंद्री म्हैस तर नुकतीच व्यालेली.

भोपळझोंबी हा राजेसाहेबांचा लाडका खेळ. भोपळा काखोटीला मारायचा, पारावरून चिखलात उतरायचं आणि समोरच्या गड्यांना चुकवत पलीकडचा बांध गाठायचा. भोपळा एकच न्यायचा, दोन नेले की डाव बाद. सवंगड्यांनी समोरच्यांना खुशाल अडवावं, पण भोपळेवाल्याला ढकलायचं नाही, ओढायचं नाही, उचलायचं नाही. त्यानं आपल्या पायांनी जायचं.

आणि राजेसाहेब कसे गेले म्हणता? त्यांनी पारावरून पाय पुढे केला मात्र, सेनापती पिलाजींनी मागून कंबरेला मिठी घातली, दोन शागिर्दांनी मांड्यांखाली हात घातले, आणि महाराज नवरदेवासारखे मिरवत थेट बांधावर! वाटेत गावचे गडी पटापट आडवे झाले. "झोंबी आहे की पालखी?" असं कुणीतरी ओरडलं, तर शेजाऱ्यानं त्याचं तोंडच दाबलं.

"बोल! दातखीळ बसली का?"

"बोलते की! पण सरकार, आधी पाय दाखवा."

राजेसाहेबांच्या मिशा ताठ झाल्या. पिलाजी तलवार उपसायला गेले, पण म्यानात चिखल भरलेला, तलवार निघेचना!

"तुमचे पाय धरायचे नाहीत मला," हौसा म्हणाली. "तळवे बघायचेत. पंचाला बघावं लागतं."

राजेसाहेबांनी कुतूहलानं एक पाय वर केला. तळवा कोरा करकरीत! सकाळी लावलेलं चंदनसुद्धा जागच्या जागी.

"आता ऐका निकाल! महाराज हरले नाहीत. महाराजांना कुणी मदतही केली नाही!"

गावकऱ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. पाटलांनी कपाळाला हात लावला. "फितली गं बया!" म्हणत एका म्हातारीनं बोटं मोडली.

"शाब्बास!" राजेसाहेब खूश झाले. "म्हणजे आम्ही जिंकलो!"

"थांबा की सरकार, एवढी कसली घाई? चिखल कुणाच्या पायाला लागलाय? पिलाजींच्या आणि त्यांच्या शागिर्दांच्या. म्हणजे चालले ते, आणि नेणारेही तेच. जो चालतो त्याला मदत करतात. तुम्ही एक पाऊलसुद्धा टाकलं नाहीत, मग तुम्हाला मदत कसली?"

"मग आम्ही कोण होतो?"

हौसानं मनात चंद्रीचं नाव घेतलं आणि ती म्हणाली, "आता माझ्याच तोंडून वदवता, तर सांगते! पिलाजींनी काय काय नेलं? एक तो, तुमच्या काखेतला. आणि दुसरे तुम्ही! एका डावात दोन भोपळे, सरकार! पिलाजींचा डाव बाद, गाव जिंकलं! तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? भोपळा कधी हरतो का? हरतो तो नेणारा!"

पाटलांनी डोळेच मिटून घेतले.

आधी राजेसाहेबांचं पोट हललं, मग मिशा हलल्या, आणि मग ते असे खो खो हसत सुटले की काखेतला भोपळा निसटून पिलाजींच्या पायावर आपटला. "कुरण गावाचं, कायमचं!" डोळे पुसत ते म्हणाले. हातातलं कडं त्यांनी हौसाकडे भिरकावलं. "आणि पंच दरसाल हीच! थांब पोरी, आता हा भोपळा आपल्या पायांनी चालत तिकडे येतो!"

त्यांनी धाडकन चिखलात उडी मारली आणि ते मांडीपर्यंत रुतले. पिलाजी आणि शागीर्द धावले.

"खबरदार!" हौसा दगडावरून कडाडली. "हात लावायचा नाही!"