पॅसेजमधल्या बाई

“वॉर्ड नाकारला तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटलं, बाई?”

डॉ. उन्मेष सरनोबत स्ट्रेचरवर वाकून विचारत होता.

प्राध्यापक सुचेता भोसेकरांनी मान भिंतीकडे वळवली. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळपासून त्या इस्पितळाच्या पॅसेजमध्येच पडून होत्या. बायकांच्या वॉर्डातल्या बायका त्यांना आत घ्यायला तयार नव्हत्या. पुरुषांच्या वॉर्डात जायला बाई तयार नव्हत्या.

बाई स्वतः पारलिंगी; जन्माच्या दाखल्यावर मुलगा, मनानं बाई. पारलिंगी माणसांच्या मनाचा आणि प्रकृतीचा अभ्यास करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा विभागातले लोक तोंडावर हसले होते. त्यांनी पाडलेल्या वाटेवरून त्यांचा विद्यार्थी उन्मेष भराभर पुढे गेला. परिषदा, पुरस्कार, समित्या. पारलिंगी रुग्णांशी इस्पितळांनी कसं वागावं, याचे नियम एका समितीसाठी त्यानंच लिहिले होते.

“हे सगळं मी मांडणार आहे,” तो म्हणाला. “नाव बदलून. पण तुमच्या शब्दांत हवंय.”

“उन्मेष...”

“बोला, बाई.”

“भांडं आण.”

“कसलं?”

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, “लघवीचं.”

तो तडक मार्था सिस्टरच्या टेबलाशी गेला.

सिस्टरनी मावशीला हाक मारली. मावशी म्हणाली, हे काम वॉर्डबॉयचं. वॉर्डबॉय म्हणाला, त्या बाई आहेत ना, मग मावशीच बघेल.

उन्मेषचा पारा चढला. “तुम्हाला नियम ठाऊक आहेत का? ते मी लिहिलेत.”

“मग तुम्हाला तरी ठाऊक असतील,” मार्था सिस्टर थकून म्हणाल्या. “दोन्ही वॉर्डांना मी एकटी आहे, सर. भांडी त्या मोरीत आहेत.”

“प्रश्न भांड्याचा नाही. तत्त्वाचा आहे.”

सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या इंजेक्शन भरू लागल्या.

तो अधीक्षकांच्या खोलीकडे गेला. अधीक्षक बैठकीत होते. दाराशीच उभं राहून त्यानं समितीतल्या कुणाला तरी फोन लावला. तो फार चांगलं बोलत होता. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा तापला होता.

“लेखी माफी मागायला लावतो यांना. असल्या लोकांना...”

“उन्मेष.”

बाईंच्या कपाळावर घाम होता. चादर दोन्ही मुठींत आवळलेली.

“दाबून ठेवल्यानं काय होतं, ते लिहिलंयस ना तू?”

“...हो.”

“चांगलं लिहिलंयस. मीच तपासलं होतं.” बाईंना धाप लागली. “आता जातोस का?”

तो मोरीत गेला. एक भांडं घेतलं. नळाखाली विसळलं.

पडदा नव्हता. त्यानं अंगातला कोट काढून सलाइनच्या स्टँडवर पसरून अडकवला. तरी एक बाजू उघडीच राहिली. मार्था सिस्टर त्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

“मी उचलते. तुम्ही सरकवा.”

भांडं सरकवताना बाई कळवळल्या.

त्यानं मान फिरवली. पॅसेजमधून जाणारा एक माणूस डोकावायला लागला, तेव्हा तो त्याच्याकडे पाहत तसाच आडवा उभा राहिला. माणूस निघून गेला.

...

भांडं काढताना थोडं सांडलं. चादरीवर, त्याच्या बाहीवर. तो भांडं धुऊन आला. सिस्टरनी चादर बदलली आणि त्या वॉर्डात गेल्या.

उन्मेष स्ट्रेचरशी उभा राहिला.

“बाई...”

“हं.”

“मी आजवर लिहिलं ते सगळं... चुकीचं आहे का?”

“नाही रे. सगळं बरोबर आहे.”

बाईंनी डोळे मिटून घेतले.

“भांडं फार गार होतं.”